एकट्याची वाट आणि डोंगरावरचे तळे

आपल्या संप्रदायात चालणे हेच मोठे साधन मानले आहे. योग्याने आसन घालून बसावे, याज्ञिकाने कुंडापुढे बसावे; वारकऱ्याने चालावे. पण हे चालणे एकट्याचे नव्हे. पुढे पताका, मध्ये विणेकरी, दोहों बाजूंस टाळकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या मायबहिणी, अशी ती दिंडी असते. कोणाच्या पायाला फोड आला तर दुसरा त्याचे गाठोडे घेतो. कोणी मागे पडला तर विसाव्याच्या ठिकाणी त्याची चौकशी होते. वारकऱ्याला वाटेत 'तू कोण?' असे कोणी पुसत नाही; 'तुमची दिंडी कोणती?' असे पुसतात. इतका आपला समुदायावर भर. मग जो कोणी म्हणेल की, मला समुदाय नको, मला एकट्याने डोंगर चढून जावेसे वाटते, त्याला आपण काय सांगावे? तो चुकला म्हणावे, की तोही एका अंगाने वारीच करतो म्हणावे?

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. मागच्या चातुर्मासात एका गावी आमचे कीर्तन झाले. आरती, प्रसाद आटोपल्यावर एक शाळामास्तर मागे राहिले. घरचे माळकरी, वयाने पन्नाशीच्या अलीकडचे. म्हणाले, "महाराज, एक विचारू का? मी महिन्यातून एक दिवस एकटाच डोंगरावर जातो. पहाटे निघतो, वर एखादे तळे, टाके असेल तिथे दोन घटका बसतो, आणि रात्रीपर्यंत परततो. घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिचे सगळे मंडळीच करतात. आमच्या दिंडीतले लोक म्हणतात, हा पळपुटेपणा आहे. मला तर तिथेच देव जवळ वाटतो. खरे काय मानू?"

आम्ही त्यांना उत्तर दिले, ते पुढे येईलच. पण हा प्रश्न एकट्या मास्तरांचा नाही. हल्ली सह्याद्रीच्या गडांवर तरुण मंडळींची रीघ लागते, आणि त्यांतले काही जण मुद्दाम एकटेच निघतात. त्यांना घरचे विचारतात, एकटाच का? आणि त्यांना उत्तर देता येत नाही. म्हणून शास्त्राच्या पद्धतीने आधी पूर्वपक्ष मांडू, मग त्याचा विचार करू.

पूर्वपक्ष असा. एकांताची थोरवी शास्त्रानेच गायिली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने एकट्याने, एकांती राहून चित्त आवरावे असे भगवंतांनी सांगितले. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजली, त्यांत निर्जन स्थळाची आवड आणि गर्दीचा कंटाळा ही दोन्ही धरली. माउलींनी तर सहाव्या अध्यायाच्या टीकेत योगाभ्यासाच्या जागेचे असे वर्णन केले आहे की, वाचणाऱ्याला उठून तिकडे जावेसे वाटावे. विलासी राजा जरी चुकून तिथे आला तरी त्याला राज्य नको होऊन तिथेच तप करावेसे वाटेल, इतकी ती जागा रमणीय. निर्मळ पाणी, दाट पण मोकळी सावली, पाखरांचा बेताचा शब्द. आणि तुकोबाराय? देहूच्या आसमंतातले भामचंद्र, भंडारा आणि घोरावडेश्वर हे तीनही डोंगर त्यांच्या एकांताचे साक्षी आहेत. ते काही दिंडी घेऊन भामचंद्रावर गेले नव्हते. मग मास्तरांनी काय वावगे केले?

हा पक्ष दुबळा नाही. जे म्हणतात की वारकऱ्याला एकांत वर्ज्य आहे, त्यांनी तुकोबांचे चरित्र नीट पाहिलेले नाही. पण दुसरी बाजूही तेवढीच भक्कम आहे, आणि ती आपल्याच परंपरेत, एका डोंगरावरच्या तळ्यापाशीच सापडते.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगड आहे. उंची सुमारे १४०० मीटर. माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन शिवालय, त्याच्यापुढे सप्ततीर्थ नावाची पुष्करणी. काळ्या पाषाणाचा चौकोन, एका काठाने देवळ्यांची ओळ, मध्ये पाणी. शेजारीच केदारेश्वराची गुहा आहे. तिथे भले मोठे शिवलिंग बारमाही बर्फासारख्या गार पाण्यात उभे आहे. भोवती चार खांब होते, त्यांतला एकच उरला आहे. लोक म्हणतात, हे चार युगांचे चार खांब. मंगळगंगा इथूनच उगम पावते. पश्चिमेला कोकणकडा, तिथे जमीन एकाएकी संपते आणि खाली सारे कोकण दिसते. या गडावर चांगदेवांनी तप केले आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथे रचला, असे परंपरा सांगते.

आता चांगदेवांची गोष्ट आपल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. चौदाशे वर्षांचे योगी, काळाला चकवलेले. त्यांना ज्ञानदेवांची कीर्ती ऐकू आली. पत्र लिहायला बसले, तर मायना सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे. नमस्कार लिहावा, तर वयाने पोर. शेवटी कागद कोराच पाठवला. मुक्ताबाईंनी तो पाहून काय म्हटले ते आपण कीर्तनात नेहमी सांगतो: इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने माउलींनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, आणि शेवटी त्या वृद्ध योग्याने त्या लहानग्या मुक्ताईला गुरू केले.

यातले मर्म काय? चांगदेवांना एकांत कमी पडला नव्हता. डोंगर होता, तळे होते, गुहा होती, समाधी होती. कमी पडले ते दुसरे माणूस. एकट्या माणसाला आपण लहान की मोठे हे कळतच नाही, कारण तिथे मापायला दुसरे कोणी नसते. मायना सुचला नाही, तो शब्द सापडला नाही म्हणून नव्हे. नमस्काराची सवय मोडली होती म्हणून. वारीत माणूस दिवसातून शंभरदा वाकतो, ज्याच्या त्याच्या पाया पडतो. ती सवय डोंगरावर कशी राहायची?

म्हणजे पेच असा: एकांताशिवाय तुकोबा नाहीत, आणि एकांताने चांगदेव कोरे राहिले. डोंगर तोच, पाणी तेच. मग फरक कशात?

आमचे एक कीर्तन गेल्या मार्गशीर्षात राजूरकडे होते. दुसरा दिवस मोकळा होता. पाचनई गावातून गडावर जाणारी वाट त्यातल्या त्यात सोपी, म्हणून आम्ही पहाटे तिथे पोचलो आणि एकटेच वर निघालो. साठी उलटलेल्या माणसाला ती वाट दोन-अडीच तासांची. कातळाच्या कडेने जाते, डोक्यावर कडा पुढे झुकलेला असतो, ओढा ओलांडावा लागतो, मग कारवीची झुडपे आणि पठार. हातात काठी, खांद्याला पडशी, पडशीत पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाणे. बोलायला कोणी नाही.

एक गोष्ट लगेच ध्यानात आली. बोलणे थांबले तरी पाय थांबत नव्हते, आणि पाय पडत होते ते 'ज्ञानोबा-तुकाराम' याच ठेक्यावर. पाऊल तीन अक्षरांवर एक, चार अक्षरांवर दुसरे. चाळीस वर्षांच्या वारीने जे पायांत भरले, ते डोंगराने काढून घेतले नाही. तेव्हा आम्ही एकटे चाललो होतो असे म्हणायचे, की दिंडीतूनच चाललो होतो? शिवाय ही वाट कोणी पाडली? जनावरामागे, सरपणामागे गेलेल्या माणसांच्या पायांनी. वरची पुष्करणी कोणी कोरली? ज्यांची नावेही उरली नाहीत अशा पाथरवटांनी. एकट्याने जातो म्हणणारा माणूस पहिल्या पावलापासून दुसऱ्यांच्या श्रमावर पाय ठेवून जातो.

पुष्करणीच्या काठी बसलो. वाटले होते, मन लगेच निवांत होईल. कसचे काय! पहिला अर्धा तास मन आदल्या रात्रीच्या कीर्तनातच होते. कुठे श्रोते हसले, कुठे उत्तररंग लांबला. मग गुडघ्यांनी आपली तक्रार सांगितली. मग परतीच्या गाडीची चिंता. माणसे खाली राहिली, पण त्यांच्याशी चाललेले बोलणे सगळे वर आले. त्यानंतर थोडा वेळ, फारच थोडा, पाण्यासारखेच मन झाले. वाऱ्याने पाणी हलायचे आणि पुन्हा थांबायचे. त्या थोड्या वेळाचे वर्णन आम्ही करणार नाही. ज्याने अनुभवले त्याला सांगायला नको, आणि नाही त्याला सांगून उपयोग नाही. ते सुख खरे आहे, एवढेच म्हणतो. मास्तर खोटे बोलत नव्हते.

देवळाजवळ पाचनईकडच्या एका बाईंनी चूल मांडली होती. आम्ही पिठले-भाकरी मागितली. भाकरी थापता थापता त्यांनी विचारले, "बाबा, एकलेच आले का?"

आम्ही म्हटले, "होय माउली, एकटाच."

"या वयात? लई धाडस बाबा तुमचं."

"तुम्ही केव्हा आलात वर?"

त्या हसल्या. "आम्ही तर रोजच येतो की. पीठ, तेल, भांडी, समदं डोक्यावर घेऊन. एकलीच. त्याचं कोणाला नवल न्हाई."

आमचा घास हातातच राहिला. आम्ही रिकाम्या हाताने एक दिवस चढलो, त्याला आम्ही एकांत म्हणतो, साधना म्हणतो, आणि लोक धाडस म्हणतात. ही बाई ओझे घेऊन रोज चढते, तिला काही नावच नाही.

आणि मग भंडाऱ्याची आठवण झाली. तुकोबा भंडाऱ्यावर नामात रंगलेले असत, हे आपण सगळे सांगतो. पण दुपारी भाकरी घेऊन कोण चढत असे? जिजाऊ. पोरे सांभाळून, घरातले उरलेसुरले भाजून, उन्हातून ती माउली डोंगर चढे. ती चढणही एकटीचीच होती. तोंडाने ती त्या काळ्या विठ्ठलाला शिव्या देई, हे आपण रंगवून सांगतो आणि श्रोते हसतात. पण पुढची कथा काय आहे? वाटेत तिच्या पायात काटा रुतला, ती कळवळून बसली, आणि तो काटा काढायला देव स्वतः आला. थांबून विचार करा. त्या दिवशी डोंगरावर दोन माणसे एकटी होती. एक नाम घेत होता, एक भाकरी नेत होती. ज्याचे नाव घेतले जात होते तो वर बसलेल्याकडे न जाता आधी वाटेत बसलेलीकडे गेला. आपल्या पूर्वजांनी ही कथा उगाच जपलेली नाही.

महाभारतातही एक तळे आहे, आणि तिथेही माणसे एकेकटीच गेली. वनपर्वाच्या शेवटी पांडव हरणामागे धावून तहानेने व्याकूळ झाले. नकुलाने झाडावर चढून पाणी हेरले आणि तो एकटा निघाला. त्यामागून सहदेव, मग अर्जुन, मग भीम. प्रत्येक जण एकटा गेला, प्रत्येकाला यक्षाने अडवले, प्रत्येकाने आपल्या तहानेपुढे त्याचे ऐकले नाही, आणि प्रत्येक जण काठावर निश्चेष्ट पडला. शेवटी धर्मराज गेला. तहान त्यालाही होती. पण त्याने पाण्याच्या आधी प्रश्न ऐकले.

त्या प्रश्नांत दोन प्रश्न आपल्या विषयाचेच आहेत. यक्षाने विचारले, एकटा कोण फिरतो? धर्मराजाने उत्तर दिले, सूर्य. पुढे विचारले, प्रवासाला निघालेल्याचा मित्र कोण? उत्तर दिले, सोबतीचा तांडा. आणि घरी राहणाऱ्याचा मित्र त्याची पत्नी. दोन्ही उत्तरे एकाच मुखातून, एकाच तळ्याकाठी. एकट्याने फिरावे तर सूर्यासारखे, म्हणजे ज्याच्या एकटे फिरण्याने साऱ्या जगाचा उजेड होतो तसे. तेवढे सामर्थ्य नसेल तर सोबत धरावी.

आणि शेवटची कसोटी त्याहून मोठी. यक्ष म्हणाला, चौघांपैकी एकच उठवतो, कोणाला उठवू? भीमाचे बळ हवे होते, अर्जुनाचे धनुष्य हवे होते. धर्मराज म्हणाला, नकुलाला. का? कुंतीचा मी एक आहेच. माद्रीचाही एक असावा. जी माउली केव्हाच वारली होती, जिच्यासाठी बोलणारे तिथे कोणी नव्हते, तिची आठवण त्याला त्या निर्जन काठावर झाली. यक्षाच्या रूपातला धर्म याच उत्तराने प्रसन्न झाला आणि चौघेही उठले. आमच्या मते एकांताचा सारा हिशेब इथे आहे. निर्जन जागी गेल्यावर स्वतःचीच तहान आठवते, की आपल्या मागे ज्याचे कोणी नाही ते माणूस आठवते?

आता तुकोबांकडे पुन्हा येऊ. शके १५५२ च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. थोरली बायको अन्नावाचून गेली, धंदा बुडाला. तुकोबा भामचंद्रावर गेले आणि तिथे त्यांना साक्षात्कार झाला, असे चरित्रकार सांगतात. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत हिंडला, तेव्हा भेट झाली. मग इंद्रायणीच्या काठी येऊन तुकोबांनी काय केले? घरची कर्जखते मागवली. त्यांतली निम्मी भावाच्या वाट्याला दिली, कारण भावाचा संसार बुडवण्याचा त्यांना अधिकार नव्हता. आपला निम्मा वाटा मात्र नदीत सोडला. दुष्काळाने पिचलेल्या कुळांची देणी मिटली. डोंगरावर काय दिसले ते आपल्याला कळणार नाही. उतरल्यावर काय घडले ते मात्र सर्वांना दिसले. खत बुडाले तेव्हा साक्षात्कार पटला.

तेव्हा सिद्धांत असा. एकांत चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. 'तीर्थ' शब्द 'तृ' धातूचा. ज्याने तरून जावे ते तीर्थ. नुसते पाणी म्हणजे तीर्थ नव्हे. एकट्याने डोंगरावर जाणाऱ्याने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्या. जाताना माझे ओझे कोणाच्या डोक्यावर टाकले? काठावर बसलो तेव्हा कोण आठवले? आणि खाली उतरल्यावर माझ्यामुळे कोणाचे ओझे हलके झाले? पहिल्याचे उत्तर जिजाऊला विचारावे, दुसऱ्याचे धर्मराजाला, तिसऱ्याचे देहूच्या कुळांना.

मास्तरांना आम्ही त्या रात्री एवढेच विचारले, "तुमच्या मंडळींना महिन्यातून असा एक दिवस मिळतो का?" ते गप्प राहिले. मग म्हणाले, "तिला डोंगराची आवड नाही महाराज." आम्ही म्हटले, "डोंगराचे कोण बोलतो? तिला माहेरी जाऊ द्या, देवळात बसू द्या, नाहीतर नुसती दिवसभर झोपू द्या. त्या दिवशी आईचे अंग पुसणे, औषध, भाकरी सगळे तुम्ही करा. आधी तिचा दिवस, मग तुमचा. तो क्रम ठेवलात तर खुशाल जा, आणि कोणी पळपुटा म्हटले तर आमचे नाव सांगा."

यावर कोणी म्हणेल, महाराज, सगळ्यालाच तुम्ही साधनेच्या तराजूत घालता. माणूस थकतो. त्याला नुसता मोकळा वारा हवा असतो. त्यालाही हिशेब मागायचा काय? नाही, मागू नये. वारीतसुद्धा विसाव्याच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि पालखीही विसावते. रुग्णाची सेवा करणारा माणूस दमला, त्याने एक दिवस तळ्याकाठी बसून काढला, तर त्यात पाप कसले? मात्र विसाव्याला विसावा म्हणावे. त्याला साधनेचे नाव दिले की घरी राहून राबणारी माणसे उगीचच संसारी, खालच्या पायरीची ठरतात, आणि फिरायला जाणारा वरच्या पायरीचा. हा अहंकार डोंगरावर फार लवकर वाढतो, कारण तिथून खालची माणसे लहान दिसतात.

व्यवहाराचेही दोन शब्द सांगतो. एकट्याने जायचे तर कुठे जातो, कोणत्या वाटेने आणि केव्हा परततो, हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून जावे. पावसाळ्यात ओढे घटकेत भरतात आणि कातळ निसरडा होतो, तेव्हा एकट्याने जाऊच नये. कड्याच्या टोकाशी जाण्यात पुरुषार्थ नाही. वाट चुकली किंवा पाय मोडला तर रात्री कंदील, दोर घेऊन शोधायला गावातलीच माणसे निघतात. स्वतःचा जीव धोक्यात घालून निघतात. म्हणजे आपला एकांत दहा घरांची झोप मोडतो. आणि वरचे पाणी राखावे. पुष्करणीत हातपाय धुवायचे, कागद, पिशव्या काठावर टाकायच्या, आणि मग 'किती शांत वाटले' म्हणत उतरायचे, याला काय म्हणावे? चंद्रभागेच्या वाळवंटात आपण करतो तेच वर नेऊन करायचे असेल तर एवढे चढावे तरी कशाला?

संतसज्जनहो, पंढरीची वाट गर्दीची आहे आणि डोंगराची वाट एकट्याची आहे. पण पांडुरंग दोन्ही वाटांच्या मध्ये, कमरेवर हात ठेवून, भाकरी घेऊन येणाऱ्याची वाट पाहत उभा आहे. पुंडलिकाने त्याला विटेवर थांबवले ते डोंगरावर तप करून नव्हे. आईबापांचे पाय चेपत असताना मागे वळून न पाहता थांबवले. हे ध्यानात धरून ज्याला जिथे जायचे असेल तिथे त्याने जावे, आणि दिवस मावळायच्या आत घरी यावे.

पुंडलीक वरदे हारि विठ्ठल.